गाव पुण्यात आलं, आता कर, पाणी आणि सातबारा

३० जून २०२१ च्या अधिसूचनेने २३ गावं पुणे महापालिकेत आली. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नांदेड, किरकटवाडी, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, वाघोली ही त्यातली मोठी नावं. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं घेतली होती आणि त्याच्याही आधी १९९७ मध्ये ३८. त्यातली काही पुढे वगळली. २०१७ ला आत आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद झाली. २०२१ च्या समावेशानंतर महापालिकेचं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं होतं. मुळा नदीपलीकडे पिंपरी-चिंचवड १९८२ पासून वेगळी महापालिका आहे, पण औंधहून सांगवीत किंवा बोपोडीहून दापोडीत शिरताना पूल ओलांडला एवढंच काय ते कळतं. म्हाळुंगेहून हिंजवडीकडे जाताना तर इमारती कुठे थांबतच नाहीत.

आम्ही सूस-म्हाळुंगे पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांवर काम करतो. ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली की सोसायटीला काय काय करावं लागतं, कोणत्या क्रमाने आणि कुठे गाडी अडते, ते इथे मांडलं आहे. हद्द एका दिवसात बदलते. कराची आकारणी आपोआप मागोमाग येते. बाकी प्रत्येक गोष्टीला वेगळा अर्ज आणि वेगळी कचेरी.

आधी कोणती हद्द कशासाठी, ते लिहून काढा

सूस गावाचंच घ्या. महापालिका पुण्याची. तालुका मात्र मुळशी, म्हणून सातबारा, फेरफार आणि तहसीलची कामं पौडला. पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे; हे आयुक्तालय २०१८ मध्ये सुरू झालं. विधानसभेला भोर, लोकसभेला बारामती. गावं महापालिकेत आली तरी विकास आराखड्याचं काम सरकारने पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ठेवलं. वीज महावितरणची, तिला हद्दीशी देणंघेणं नाही. बस पीएमपीची, आणि ती २००७ पासून दोन्ही शहरांची मिळून एकच आहे.

सोसायटीच्या ऑफिसात हा तक्ता लावून ठेवावा. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज फार क्वचित पुढे पाठवला जातो. बहुतेक वेळा तो तिथेच पडून राहतो. अर्जावर मिळकतीचं वर्णन लिहिताना दोन्ही लिहायचं: ‘मौजे सूस, तालुका मुळशी, जिल्हा पुणे’ आणि त्यापुढे ‘पुणे महानगरपालिका हद्दीतील’. जुन्या करारनाम्यात ‘ग्रामपंचायत हद्दीतील’ असं असेल तर घाबरायचं कारण नाही, करार पुन्हा करावा लागत नाही. पुढच्या प्रत्येक दस्तात मात्र जुनं आणि नवं असं दोन्ही वर्णन एकत्र आलं पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी हीच ती मिळकत हे सिद्ध करत बसावं लागतं.

दप्तर

ग्रामपंचायत विसर्जित झाली की तिचं दप्तर महापालिका ताब्यात घेते. त्या हस्तांतरणात कागद गहाळ होतात, वह्या सापडत नाहीत. म्हणून गाव आत जाणार अशी चर्चा सुरू झाली की लगेच प्रत्येक सदनिकेचा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा, शेवटच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि नळजोड असेल तर त्याची मंजुरी काढून ठेवायची. जे अजून ग्रामपंचायतीत आहेत, म्हणजे हिंजवडी, माण, मारुंजी या बाजूचे लोक, त्यांनी हे काम आत्ताच करावं.

दुसरा गठ्ठा बांधकामाचा: बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा पत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी). यात सही कोणाची आहे ते नीट बघायचं. पीएमआरडीए ३१ मार्च २०१५ ला अस्तित्वात आलं. त्याआधीच्या परवानग्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या असतात. त्या काळातली चार-पाच मजली इमारत आणि हातात फक्त ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, अशी स्थिती असेल तर ते बांधकाम महापालिकेच्या लेखी अनधिकृत ठरू शकतं. आणि अनधिकृत बांधकामाला पुण्यात तिप्पट कर लागतो.

विकसकाने भोगवटा पत्र दिलं नसेल तर ते मिळालं होतं की नाही, हे माहिती अधिकारात विचारायचं. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. मंजूर नकाशा आणि परवानगीच्या अटी याच अर्जात मागायच्या. त्या अटींचा उपयोग पुढे पाण्याच्या वेळी होतो.

मिळकतकर

समाविष्ट गावांत पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर राहतो आणि पुढे तो वर्षागणिक टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या दरापर्यंत चढतो. महापालिकेची आकारणी क्षेत्र, त्या भागासाठी ठरलेला मासिक भाडेदर आणि १२ महिने यांच्या गुणाकारातून सुरू होते, त्यातून देखभालीची वजावट मिळते. त्यामुळे क्षेत्र चुकीचं नोंदलं गेलं की बिल कायमचं चुकतं. पहिलं बिल आलं की सगळ्यात आधी क्षेत्र, वापर (निवासी की बिगरनिवासी) आणि आकारणीची तारीख बघायची, रक्कम नंतर.

तीन चुका वारंवार दिसतात. एक, नमुना ८ वरून एक खातं आणि जागेवर मोजणी करून दुसरं, अशी एकाच सदनिकेची दुबार आकारणी. दोन, नाव विकसकाचंच राहणं. तीन, भोगवटा पत्र असूनही ते फाइलला न लागल्यामुळे तिप्पट कर. तिन्हींना क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज, सोबत नमुना ८, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा गोषवारा), भोगवटा पत्र. प्रत्येक सदस्याने सुटा अर्ज करण्यापेक्षा सोसायटीने सदनिकांची यादी जोडून एकच अर्ज द्यावा आणि पेठ निरीक्षकाला (कर विभागाच्या निरीक्षकाला) एकदाच जागेवर बोलवावं. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडायचा नाही.

स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत मिळते. ती मधल्या काळात बंद झाली होती, १ एप्रिल २०२३ पासून परत सुरू झाली. त्यासाठी पीटी-३ अर्ज, सोबत सोसायटीचं ‘मालक स्वतः राहतात’ असं पत्र आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, गॅस कार्ड यांपैकी काही. घर भाड्याने दिलं असेल तर सोसायटीने असं पत्र देऊ नये. तपासणीत ते उघड होतं आणि बाकीच्या खऱ्या रहिवाशांचे अर्जही अडकतात.

समाविष्ट गावांतल्या करवसुलीला २०२४ मध्ये सरकारने स्थगिती दिली तेव्हा अनेकांनी कर माफ झाला असं धरलं. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. थकबाकी खात्यावर राहते, आणि नळजोडाच्या अर्जाला कराची पावती लागते.

पाणी

सगळ्यात जास्त वेळ, पैसा आणि जीव इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

हिशेब असा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण. १२० सदनिका, घरटी चार माणसं धरली तर ६४,८०० लिटर. बोअरचं आणि गावच्या जुन्या लाइनचं मिळून २०,००० मिळत असेल तर ४४,८०० लिटर रोज कमी पडतं, म्हणजे १०,००० लिटरचे साडेचार टँकर. हा हिशेब मार्च ते जूनसाठी वेगळा करायचा, कारण बोअर तेव्हा बसते.

टँकरमध्ये खरंच १०,००० लिटर येतं का, हे मोजता येतं. जमिनीखालच्या टाकीचं आतलं माप घ्या. समजा ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, म्हणजे २४ चौरस मीटर. पातळी १ सेंटिमीटर वाढली की २४० लिटर. पूर्ण भरलेला टँकर रिकामा झाल्यावर पातळी साधारण ४१ ते ४२ सेंटिमीटर चढली पाहिजे. टाकीच्या भिंतीवर ऑइलपेंटने सेंटिमीटरची पट्टी रंगवून घ्यायची. टँकर लागण्याआधी वर पाणी चढवणारा पंप बंद, येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, मग आधीची आणि नंतरची पातळी चालकासमोर वहीत लिहायची. ३६ सेंटिमीटर चढलं तर ८,६४० लिटर आलं. वाद घालावा लागत नाही; वही दाखवली की पुढच्या खेपेपासून टँकर भरून येतो.

आता शुद्धता. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. त्या पट्ट्यातल्या गावांना विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरिन टाकून मिळत होतं. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस आढळले. खडकवासला धरण तिथून दिसतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी साठ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना शुद्ध पाणी मिळू नये, ही महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झालेल्या गावांची स्थिती होती. याचा राग यायलाच हवा.

म्हणून पाणी कुठूनही येवो, सोसायटीने स्वतः तपासायचं. रोजची तपासणी म्हणजे ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट, पाण्यात क्लोरिन किती उरलं ते बघायची. टाकीतलं नव्हे, तर वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या घराच्या नळाचं पाणी परीक्षानळीत खुणेपर्यंत घ्यायचं, ओटी द्रावणाचे सांगितलेले थेंब टाकायचे आणि आलेला पिवळा रंग लगेच पट्टीशी जुळवायचा. पाच मिनिटांनी गडद झालेला रंग मोकळ्या क्लोरिनचा नसतो, तो धरायचा नाही. नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळं क्लोरिन उरलं पाहिजे. रंगच आला नाही तर पाण्यात क्लोरिन नाही, मग ते कितीही नितळ दिसो. हे द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी ओतून टाकायचं, हात धुवायचे, बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

क्लोरिन कमी आलं तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. साधारण ३३ टक्के क्लोरिनची ताजी पावडर असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ६०,००० लिटरच्या टाकीला ३०० ग्रॅम. पावडर थेट टाकीत झोकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत सोडायचं आणि अर्धा तास पाणी वर चढवायचं नाही. उघड्या पोत्यातली पावडर पावसाळ्यात दमट होऊन निकामी होते. माप तेच असूनही रंग येत नाही तो याच कारणाने. गढूळ पाण्यात किंवा तळाशी गाळ साचलेल्या टाकीतही क्लोरिन गाळातच संपतं. तिथे डोस वाढवत नेण्यापेक्षा टाकी धुवायची. टाकीत माणूस उतरवण्याआधी झाकणं उघडी ठेवून हवा खेळू द्यायची आणि वर एक माणूस कायम उभा ठेवायचा.

बोअरच्या पाण्याची वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत तपासणी: टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, नायट्रेट, कोलिफॉर्म (मैल्याच्या दूषिततेचे जिवाणू). टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर जवळपास कुठेतरी सेप्टिक टँक झिरपतो आहे अशी शंका घ्यायची. झपाट्याने वाढलेल्या गावात ड्रेनेज लाइन मागून येते आणि बोअर आधी, त्याचा हा परिणाम.

महापालिकेच्या नळजोडासाठी परवानाधारक प्लंबरमार्फत अर्ज, सोबत भोगवटा पत्र, मंजूर नकाशा, कराची पावती, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव. अर्जाआधी एक चौकशी करावी: तुमच्या रस्त्यावर वितरण वाहिनी आहे का, आणि ती कोणत्या टाकीवर येणार. वाहिनी नसताना अर्ज दिला तर तो ‘वाहिनी टाकल्यानंतर’ असा शेरा मारून परत येतो. त्या शेऱ्याची प्रत जपून ठेवा. महापालिका हद्दीबाहेरच्या परवानग्यांत, स्थानिक संस्था पाणी देईपर्यंत विकसक स्वखर्चाने पाणी देईल, असं हमीपत्र घेतलेलं असतं. माहिती अधिकारात मिळालेलं ते हमीपत्र, ‘वाहिनी नाही’ हा शेरा आणि टँकरची बिलं, हे तीन कागद एकत्र असले की महारेरा किंवा ग्राहक आयोगापुढे टँकरच्या खर्चाची मागणी उभी राहते. बिलं मात्र सोसायटीच्या नावाने, जीएसटी किंवा निदान गाडी क्रमांकासह हवीत. कच्च्या चिठ्ठ्या तिथे चालत नाहीत.

सांडपाण्याबद्दल एवढंच: ड्रेनेज लाइन येईपर्यंत एसटीपी (सोसायटीचा सांडपाणी शुद्धीकरण प्लँट) हाच आधार आहे आणि तो वीज वाचवायला रात्री ब्लोअर (हवा सोडणारा पंखा) बंद केल्याने बिघडतो. एअरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवून बघावं. २५० ते ३५० मिलीपर्यंत तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ राहिलं तर प्लँट चालतोय. काळं पाणी आणि कुबट वास म्हणजे हवा पुरत नाही.

जमीन सोसायटीच्या नावावर

हे काम बहुतेक सोसायट्या सगळ्यात शेवटी करतात. पसरत्या शहराच्या कडेला ते आधी व्हायला हवं, कारण याच पट्ट्यात आराखड्यातले रस्ते, आरक्षणं आणि नगररचना योजना यायच्या असतात.

विकसक अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे) करून देत नसेल तर १९६३ च्या मोफा (सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे त्याच्या सहीशिवाय आदेशाने मिळणारं. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे नमुना ७ मध्ये अर्ज, २,००० रुपये कोर्ट फी, सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित. पुण्यात शहर आणि ग्रामीण अशी दोन कार्यालयं आहेत. समाविष्ट गावातल्या सोसायटीने आपली नोंद सध्या कोणाकडे आहे हे आधी लेखी विचारून घ्यावं.

अर्जाआधी विकसकाला नोटीस द्यायची. मग सातबारा, फेरफार, सदस्यांचे करार आणि इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, सदस्यांची यादी आणि वास्तुविशारदाचा क्षेत्र दाखला. सगळं अवलंबून आहे ते या शेवटच्या कागदावर. सातबाऱ्यावरचं क्षेत्र, मंजूर नकाशातलं क्षेत्र आणि जागेवरचं कुंपण ही तीन मापं सहसा जुळत नाहीत. रस्त्याखाली दिलेलं क्षेत्र, मोकळी जागा, सुविधा भूखंड, त्याच नकाशावरच्या दुसऱ्या इमारतींचा वाटा, हे सगळं दाखल्यात वेगवेगळं लिहिलेलं असेल तरच आदेशात आकडा नेमका येतो. शक्य असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) आधीच घ्यावी. विकसकाचा वकील सुनावणीत सर्वात आधी बोट ठेवतो ते क्षेत्रावरच.

दुसरी अडचण सातबाऱ्यावरच्या नावांची. मूळ शेतकरी वारलेले, वारसनोंद झालेली नाही, कुलमुखत्यारपत्रावर सगळा व्यवहार. अशा वेळी वारसांनाही पक्षकार करून नोटीस बजवावी लागते. त्यांना वगळलं तर आदेश मिळूनही फेरफार अडतो.

आदेशानंतर तीन टप्पे उरतात: मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दस्ताचा अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणं), दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आणि तलाठ्याकडे फेरफार. अभिनिर्णयात सदस्यांनी आपल्या करारांवर भरलेलं शुल्क धरलं जातं. एखाद्याचा करार नोंदवलेलाच नसेल तर त्याची कमतरता निघते, म्हणून अशा सदस्यांना आधीच गाठायचं. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सोसायटीचं नाव ‘इतर हक्कात’ न जाता कब्जेदार सदरी (मालकाच्या रकान्यात) आलं का, हे नवा सातबारा काढून स्वतः वाचायचं. इथे चूक झाली तर ती लगेच दुरुस्त होते. दोन वर्षांनी कळली तर अपिलात जावं लागतं.

रस्ता कुंपणातून जात असेल तर

बाणेर-बालेवाडीकडून येणारे आणि हिंजवडीकडून येणारे रस्ते मधल्या न मिळालेल्या जमिनींपाशी तुटतात. हे मिसिंग लिंक जोडताना सोसायटीची कडेची पट्टी जाऊ शकते. आपला सर्व्हे किंवा गट नंबर टाकून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यायचा, रस्त्याची रुंदी बघायची आणि जागेवर आखणी करून मागायची. नकाशावरची रेघ कुंपणाच्या आत आहे की बाहेर, ते डोळ्यांनी ठरत नाही. म्हाळुंगे-माणसारख्या ठिकाणी नगररचना योजना असेल तर सर्व्हे नंबरऐवजी अंतिम भूखंड क्रमांक लागतो, तो पुढच्या सगळ्या कागदांवर यायला हवा.

रस्त्याखाली जाणाऱ्या जमिनीचा मोबदला रोख, एफएसआय (त्याच जागेवर जास्तीच्या बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता-विकता येणारा बांधकामाचा हक्क) यांच्या रूपाने मिळतो, आणि तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्यालाच मिळतो. अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर सोसायटीची पार्किंगची जागा जाते आणि टीडीआर जमीनमालकाच्या किंवा विकसकाच्या खात्यात जमा होतो. मोजणीची नोटीस विकसकाच्या जुन्या पत्त्यावर जाऊ नये म्हणून पथ विभाग, भूसंपादन विभाग आणि पीएमआरडीए, तिघांनाही सोसायटीचं नाव, पत्ता आणि आदेशाची प्रत देऊन पोच घ्यायची. अभिहस्तांतरणाचा अर्ज अजून प्रलंबित असेल तर त्या अर्जाची पोच जोडून लेखी हरकत नोंदवायची की निर्णय होईपर्यंत मोबदला कोणालाही देऊ नये. मोजणीच्या दिवशी कमिटीतली दोन माणसं ‘क’ प्रत घेऊन जागेवर हजर असावीत, आणि पंचनाम्यात झाडं, बोअर, विद्युत खांब, कुंपणाची लांबी यांची नोंद झाल्याशिवाय त्यावर सही करू नये.